नवशाला वैरी पायजे

चैतातली सकाळ होती. नवशा ठाकर राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर जाळायला, तोडलेल्या टहाळाचा भारा डोक्यावर घेऊन येत होता, तर पाणंदीत सुक्याची म्हैस आडवी उभी. म्हैस काय हलेना. नवशा भारा डोक्यावर तसाच ठेवून तिच्यापुढं बराच वेळ उभा राहिला, आणि शेवटी करवंदीच्या जाळीतून वळसा घालून घरी आला. पोटऱ्यांवर रक्ताच्या रेघा उठलेल्या.

हिरीनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "म्हशीला हाकलली का नाय?"

"तिची मर्जी नवती."

"आनि तुमची?"

नवशा नुसता हसला. असा माणूस. धसईच्या पल्याड डोंगराच्या कुशीत आमचा पाडा, पंचवीस-तीस घरांचा, आणि त्या सगळ्या पाड्यात ज्याचं कुणाशी कधी वाजलं नाही असा हा एकटा. बांध कोरला तरी बोलायचा नाही, काकड्या चोरल्या तरी बोलायचा नाही. त्याच्या वाटणीचं सगळं भांडण हिरी भांडायची. ती म्हणायची, "माझ्या नवऱ्याचं तोंड देवानं जेवायलाच दिलंय."

ही सत्तावन-अठ्ठावन सालची गोष्ट. तेव्हा शहापूरहून याकोब मास्तर आमच्याकडं यायचे. मूळचे नगरकडचे, काळेसावळे, उंच, छत्री आणि खरजेचं मलम कायम बरोबर. धसईच्या बाजारादिवशी एस.टी.नं उतरायचे, आणि बाजार उलगला की चालत पाड्यावर येऊन येशूबाबाच्या गोष्टी सांगायचे. मलमासाठी सगळा पाडा जमायचा, गोष्टींना मात्र एकटा नवशा उरायचा. दोन वर्षं त्यानं ऐकलं. मग एक दिवस म्हणाला, "मास्तर, मला तुमचा हा देव पटला. मला घ्या त्याच्यात."

पाड्यावर गडबड झाली. नवशा बाटतोय, म्हणाले. जाणत्यांनी समजावलं, हिरीनं दोन दिवस चूल पेटवली नाही. नवशा सगळ्यांना हो म्हणत राहिला आणि मनातलं काही सोडीना. शेवटी हिरीच म्हणाली, "जाऊ द्या. त्यानं मानूस काय वाईट व्हनार नाय."

मास्तरांनी मात्र घाई केली नाही. म्हणाले, "नवशा, पाण्यात बुडी मारली की झालं असं नसतं बाबा. तो सांगतो तसं वागावं लागतं. आता हेच बघ. आपल्या माणसावर माया कोणीही करतो. आपल्या वैऱ्याचं भलं चिंतायचं, त्याच्यासाठी देवाजवळ मागायचं, हे खरं अवघड. तुझा वैरी कोण?"

नवशानं पुष्कळ विचार केला. "मला वैरी नाय, मास्तर."

"एकही नाही?"

"एक कोल्हा व्हता. कोंबड्या न्यायचा. मेला."

मास्तरांना हसू आवरेना. जाता जाता गमतीनं म्हणाले, "मग एखादा शोध आधी."

मास्तर गमतीनं बोलले, पण नवशाला गंमत कुठं कळायची. शहापूरच्या कचेरीत जसा एक कागद कमी पडला की माघारी धाडतात, तसा आपला एक वैरी कमी पडलाय असं त्याच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला आणि वैरी शोधायला निघाला.

आधी गेला पोश्याकडं. पोश्या त्याचा लंगोटीयार, शेताला शेत, घराला घर लागून. पोश्या राबावर शेणगोवर पसरत होता.

"पोश्या, माझं एक काम करशील?"

"सांग की."

"माझा वैरी हो."

पोश्यानं हातातली पाटी खाली ठेवली आणि नवशाच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. नवशानं सगळं समजावून सांगितलं. पोश्या म्हणाला, "हे बघ, आता राब भाजायचाय, मंग पेरा, मंग आवनी. दिवाळीपर्यंत मला टाइम नाय. दुसरा बघ."

मग नवशा सुक्याकडं गेला, म्हशीवाल्या सुक्याकडं. सुक्या धंद्याचा माणूस. म्हणाला, "व्हतो की वैरी. देशील काय?"

एका कोंबड्यावर सौदा ठरला. दुसऱ्या दिवसापासून सुक्या रोज सकाळी नवशाच्या दारात उभा राहून शिव्या द्यायला लागला. नवशा ओट्यावर बसून हात जोडून ऐकायचा आणि मनातल्या मनात सुक्याचं भलं चिंतायचा. पहिल्या दिवशी बघायला पाडा लोटला. दुसऱ्या दिवशी हिरीनं राखेची टोपली सुक्याच्या डोक्यावर उपडी केली. तिसऱ्या दिवशी सुक्याच्या शिव्या संपल्या. तो दारात उभा राहून डोकं खाजवायला लागला, तशी नवशाला त्याची दया आली, आणि त्यानं सुक्याला आत बोलावून कोरा चहा पाजला. चौथ्या दिवसापासून सुक्या शिव्या द्यायचा सोडून नुसता चहालाच यायला लागला.

"कोंबडा गेला नि वर गूळ चाललाय," हिरी म्हणाली. "तुमाला वैरी पन धड मिळत नाय."

वैशाखात मात्र मिळाला.

त्या दिवशी वारं होतं. अशा वाऱ्यात शहाणा माणूस राब पेटवत नाही. पण पोश्याला दुसऱ्या दिवशी मेव्हण्याच्या लग्नाला उंबरमाळीला जायचं होतं, म्हणून त्यानं भर दुपारी राबाला काडी लावली. वाऱ्यानं एक पेटती फांदी उचलली आणि बांधापलीकडं नवशाच्या पेंढ्याच्या उडवीवर नेऊन टाकली. वर्षाचा पेंढा, पाऊस पडून गवत येईपर्यंत बैलांनी तोच खायचा. लोक हंडे-कळश्या घेऊन पोचेस्तोवर उडवीच्या जागी काळं वर्तुळ उरलं होतं.

नवशा पोश्याकडं बघत राहिला. पोश्यानं नुसतं "चुकलं रे" म्हटलं असतं तरी नवशानं वर त्यालाच चहा पाजला असता. पण पाड्यादेखत पोश्याची मान वाकेना. तो म्हणाला, "माझ्या राबाची नाय ती आग. डोंगरातून वनवा आला असंल."

"वनवा? एवढासा?"

"असतो एखादा बारका."

लोक हसले. पोश्याला जोर आला, आणि तो जे बोलायला नको ते बोलून गेला. "आनि तुलाच वैरी पायजे व्हता ना? घे मंग, मिळाला."

नवशाच्या कानशिलापासून पायाच्या नखापर्यंत काहीतरी तापत गेलं. चाळीस वर्षांत त्याला असलं काही झालं नव्हतं. त्याला वाटलं आपल्याला पटकी झाली. घरी येऊन आडवा झाला. हिरीनं अंगाला हात लावला नि म्हणाली, "आजार नाय हा. राग म्हन्तात ह्याला."

मग काय विचारता. पहिल्यांदा दारू चाखलेल्या माणसासारखी नवशाची गत झाली. सकाळी डोळे उघडले की पोश्या आठवायचा. नवशा दुपारी ओट्यावर बसून हिरीकडून शिव्या शिकायचा. त्याला त्या नीट यायच्या नाहीत, भलत्याच ठिकाणी जोर द्यायचा. पण बोलताना चव लागायची. त्याचे बैल शेजारपाजारच्यांनी दिलेल्या ओंजळभर पेंढ्यावर दिवस काढत होते, त्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या, आणि प्रत्येक बरगडी बघून नवशाला पोश्याचा नव्यानं राग यायचा.

मास्तर आले तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, वैरी मिळाला."

मास्तरांना आधी काही आठवेना. आठवलं तशी त्यांनी छत्री भिंतीला टेकवली. "मी गमतीनं बोललो होतो रे."

"मिळाला तो खराच हाय. आता मला तुमचं पानी नको. मी त्याचं भलं चिंतनार नाय. त्याचा राब किड्यांनी खावा असं मला रोज वाटतं, आनि वाटलं की लय बरं वाटतं."

"मग आता तुला कळलं, की येशूबाबा केवढं मागतो ते. सुक्याचं भलं चिंतणं फुकट होतं."

"फुकट नवतं, कोंबडा गेला," हिरी आतून म्हणाली.

नवशानं मास्तरांकडं रोखून बघितलं. "मास्तर, तुमचा वैरी कोन?"

मास्तरांनी भिंतीची छत्री हातात घेतली. मग म्हणाले, "माझा थोरला भाऊ. वडलांच्या घरावरून वाजलं. अकरा वर्षं झाली, मी त्याला पत्र लिहिलेलं नाही."

"अकरा वर्सं," नवशा म्हणाला. "मंग तुमाला पानी दिलं कोनी?"

त्यानं खोचून नाही विचारलं, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण मास्तर जायला उठले. त्या दिवशी त्यांनी गोष्ट सांगितली नाही, आणि मलमाची डबी विसरून गेले.

पंधरा दिवसांनी पावसाची सुरुवात झाली, तसे मास्तर चिखल तुडवत फक्त एवढंच सांगायला आले, की पत्र टाकलं. "तीन वेळा फाडलं, चौथ्यांदा टाकलं. टाकताना वाटत होतं, पेटीतून परत ओढून काढावं."

नवशा म्हणाला, "आता माझ्यावर आली म्हना."

आषाढात आवणी आली. रोपं हातभर झाली, खाचरं तुडुंब भरली, आणि नेमका पोश्याचा एक बैल पायात खुंट घुसून लंगडा झाला. चिखलणी केल्याशिवाय लावणी होत नाही, आणि एका बैलानं चिखलणी होत नाही. आवणीच्या दिवसांत बैल कोण देतो? ज्याला त्याला आपापली घाई. पोश्या चार घरं फिरला, चारी घरांतून हात हलवत आला. नवशाच्या दारासमोरून जाताना त्यानं मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नवशानं आपले हाडकुळे बैल सोडले, नांगर खांद्यावर घेतला आणि बांध ओलांडून पोश्याच्या खाचरात उतरला. पाऊस धो धो. पोश्या घोंगडीची खोळ घेऊन धावत आला.

"काय करतोस रे?"

"दिसत नाय? चिखलनी."

"माझ्या शेतात?"

"तुझ्याच. बाजूला हो. मला तुझ्यावर माया करायची हाय, आडवा येऊ नको."

"मला नको तुझी माया."

"तुला कोन इचारतंय?"

नवशानं बैल हाकले. आणि प्रत्येक फेरीला तो मोठमोठ्यानं देवाशी बोलायला लागला. "देवा, ह्या पोश्याचं बरं कर. हा लबाड हाय, तरी बरं कर. ह्याच्या भाताला लोंब्या दे. माझा पेंढा जाळला ह्यानं, तरी दे. लोंबी तेवढी जरा बारीक दे." मग चार पावलं गेल्यावर, "नको, मोठीच दे. माझी जीभ घसरली."

पोश्या बांधावरून म्हणाला, "मनात म्हन ना काय म्हनायचं ते."

"मनात नीट निघत नाय. मनात सगळ्या शिव्याच हायेत."

आजूबाजूच्या खाचरांतल्या बाया रोपं हातात धरून वाकल्या वाकल्या हसायला लागल्या. पोश्याला पळता येईना, थांबता येईना. शेवटी तो खाली उतरला आणि बैलांच्या पुढं होऊन त्यांना वळवायला लागला, कारण नवशाच्या बैलांना ते खाचर नवीन होतं.

दुपारी पोश्याची बायको गुणाबाई नाचणीच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आली. "नवशादा, बसा," म्हणाली. दोघं बांधावर एकाच घोंगडीखाली बसले, कारण दुसरी कोरडी नव्हती. बैलांच्या अंगातून वाफ निघत होती. पोश्या त्यांच्या बरगड्यांकडं बघत होता.

"ती आग माझ्याच राबाची व्हती," तो म्हणाला.

"ठाव हाय."

"वनवा नवता."

"बारका पन नवता," नवशा म्हणाला.

पोश्याच्या घशात भाकरीचा घास अडकला. नवशानं त्याच्या पाठीवर थाप मारली. एकदा मारली ती मदतीची. दुसरी जरा जास्त जोरात बसली. ती बाकी होती असं दोघांनाही वाटलं असावं.

राग त्या दिवशी गेला असं नाही. नवशा सांगायचा, राग हरळीसारखा असतो, वरून उपटला तरी बांधात मुळ्या राहतात. पण तो रोज उपटायला लागला. भादव्यात मास्तर आले. त्यांनी सांगितलं, भावाचं उत्तर नाही आलं, मी दुसरं पत्र टाकलंय. मग नवशाच्या बाप्तिस्म्याचा दिवस ठरला.

मुंबईकडून जाड भिंगांचे एक म्हातारे पाद्रीसाहेब आले. ओहोळाच्या डोहावर सगळा पाडा जमला. हिरी नवं लुगडं नेसून पुढं उभी. "मी नाय जायची पान्यात," ती ज्याला त्याला सांगत होती, "बघायला काय हरकत?" पोश्या मागं आंब्याला टेकून उभा होता, तोंड वाकडं करून.

पाद्रीसाहेब नवशाला घेऊन कमरेएवढ्या पाण्यात गेले, काही बोलले, आणि त्याला मागं वाकवून पाण्याखाली घातलं. तेवढ्यात शेवाळावरून साहेबांचाच पाय सटकला. साहेब पुढच्या खोलात गेले, त्यांच्याखाली नवशा गेला, आणि पाण्यावर नुसता एक चष्मा चमकला आणि तोही बुडाला.

नवशाला पोहता येत नाही हे काठावरच्या एका माणसाला लहानपणापासून माहीत होतं. लोकांना काय झालं ते कळायच्या आत पोश्यानं अंगावरच्या घोंगडीसकट उडी मारली. एका हातात नवशाची शेंडी, दुसऱ्या हातात साहेबांची कॉलर धरून तो दोघांना ओढत काठाशी आला. नवशा खोकत होता आणि हसत होता. पोश्याच्या नाकातोंडातून पाणी गळत होतं, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी कुठलं हे ओहोळाच्या पाण्यात ओळखू येत नव्हतं.

पाद्रीसाहेबांना चष्म्याशिवाय काही दिसेना. आपल्यासमोर दोन माणसं नखशिखांत भिजून उभी आहेत एवढंच त्यांना समजलं. त्यांनी चाचपडत पोश्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्या प्रेमानं विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

"मला तुमच्यात मोजू नका, साहेब," पोश्या म्हणाला. "मी ह्याला काढायला आलोय."