कुंकू लावलेला फ्यूज

दसऱ्याच्या सकाळी आमची मोटारसायकल सुरू होईना. ती मीच पाण्याने मारली याबद्दल घरात कुणालाही शंका नव्हती, मलासुद्धा नाही.

आदल्या दिवशी खंडेनवमी. हिमायतनगरच्या आमच्या घरात त्या दिवशी विळी, पाने, पक्कड, शिलाई मशीन यांच्यासोबत मोटारसायकलचीही पूजा होते. बाबा, म्हणजे भगवंतराव, पाटबंधारे खात्यातून कधीच निवृत्त झाले, पण गाडी अजून नोकरीवर होती. उन्हाळ्यात कोठी भागातल्या एका वळणावर ते गाडीवरून घसरून पडले, तेव्हापासून त्यांनी हँडल धरलं नाही. अधूनमधून मी चालवते, शिकवली त्यांनीच. पूजेआधी मी नळाला पाइप लावून तिला न्हाऊ घातलं. टाकीखाली, सीटखाली, जिथे पाणी जाऊ नये तिथेही. मग हार, हळदकुंकू, आणि रात्री बाबांनी रिवाजाप्रमाणे किल्ली देवघरात ठेवली. नवमीला यंत्राने आराम करायचा असतो.

माझा भाऊ विक्रमदादा शहराच्या दुसऱ्या टोकाला, गच्चीबावलीला राहतो. त्याने गाडीला गिऱ्हाईक शोधलं होतं आणि ते दसऱ्यालाच चार वाजता यायचं होतं. मुहूर्त चांगला, म्हणे. बाबा ‘हौ’ म्हणाले. दादाने काहीही सांगितलं तरी ते ‘हौ’च म्हणतात, त्याचा मला मनापासून संताप येतो. पण दादाशी भांडून मी थकले होते. एवढंच ठरवलं होतं, की विकण्याआधी बाबांना तिच्यावर बसवून अफझलगंजला न्यायचंच. तिथे त्यांचे मित्र एकनाथराव राहतात, हल्ली जिना उतरत नाहीत. दर दसऱ्याला बाबा याच गाडीवरून त्यांना आपट्याचं सोनं द्यायला जातात. रिक्षाने चला म्हटलं, तर म्हणाले, रिक्षाने कुणी सीमोल्लंघन करतं का?

तर सकाळी बाबांनी मला किल्ली दिली. चाकाखाली लिंबू ठेवून मी ती फिरवली आणि काहीच झालं नाही. न्यूट्रलचा हिरवा दिवा नाही, हॉर्न नाही, चूं की चां नाही. दादाला फोन केला तर म्हणाला, बेकार मेहनत नको करू, गिऱ्हाईक बंद गाडीसुद्धा नेईल, थोडं कमी-जास्त करून. फोन ठेवला आणि ओढणी कमरेला खोचली. आता ती सुरू केल्याशिवाय मी उठणार नव्हते.

मेकॅनिकांना छुट्टी, दुकानं बंद. उत्तरपूजा झाल्यावर देवघरातले पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलून आणले. आधी प्लगची टोपी काढून पुसली. मग सीट काढली आणि वायरींचे सगळे जोड उघडून केस वाळवायच्या ड्रायरने कोरडे केले. बॅटरीच्या टोकांवर पांढरा बुरा चढला होता, तो जुन्या ब्रशने घासला. दरवेळी किल्ली फिरवायची, दरवेळी तेच. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून मांडीवर आपट्याची पानं घेऊन बसले होते आणि माझ्या हातांकडे बघत होते. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

शेवटी जुन्या इंडिकेटरचा बल्ब काढला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि वीज कुठपर्यंत येते ते बघायला लागले. बॅटरीवर बल्ब लख्ख पेटला. स्विचकडे जाणाऱ्या वायरीला लावला, तर मेलेला. मध्ये उरली फ्यूजची डबी. डबी मी बाहेरून दोनदा पुसली होती, पण उघडली नव्हती. माझ्या डोक्यात पाणी एके पाणी. आता झाकण उघडलं.

आत फ्यूज नव्हता. जळलेला नव्हे, नव्हताच. शेजारी जादा फ्यूज असतो, तोही नव्हता. पाणी कितीही शिरलं तरी फ्यूज काढून झाकण लावून जात नाही.

मी देवघरात गेले. कालची झेंडूची फुलं बाजूला सारली. पक्कडीशेजारी दोन्ही फ्यूज ओळीने ठेवलेले होते आणि दोन्हींना कुंकवाचं बोट लावलं होतं.

मी ते तळहातावर घेऊन बाबांसमोर उभी राहिले.

“नवमीला आराम द्यायचा असतो,” ते पानांकडे बघत म्हणाले.

“आज दशमी आहे, बाबा.”

त्यांनी मांडीवरची पानं सारखी केली. मग म्हणाले, “सुरूच झाली नाही, तर गिऱ्हाईक नेणार नाही असं वाटलं.”

मला राग आला. सकाळपासून मी स्वतःला कोसत होते आणि हे बघत बसले होते. आणि लगेच रडूही आलं. ज्या माणसाने मला घाटात गिअर बदलायला शिकवलं, तो मुलाला नाही म्हणायच्या भीतीने फ्यूज लपवत होता.

मी डोळे पुसले, फ्यूजवरचं कुंकू पुसलं आणि तो बसवला. हिरवा दिवा लागला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि लिंबू चिरडून पुढे सरकली. बाबा मागे बसले, एका हाताने माझा खांदा धरून.

एकनाथरावांनी सोनं घेतलं, सोनं दिलं, आणि दोघे म्हातारे बोलत बसले ते उठेचनात. परत येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाबांनी माझा खांदा दाबला. फाटकाशी दादा आणि एक अनोळखी माणूस उभा होता.

“थांब इथे,” बाबा म्हणाले. “फ्यूज काढ. ढकलत नेऊ.”

“मी नाही काढणार,” मी म्हटलं. “सकाळपासून घाम गाळलाय तो ढकलायला नाही. काय सांगायचं ते तुम्ही सांगा.”

मी गाडी थांबवली नाही. सरळ फाटकापर्यंत नेली आणि इंजिन चालूच ठेवलं. दादा खूश झाला, चालू गाडीचे चार पैसे जास्त येतात. तो माणूस टाकीवरून हात फिरवायला लागला.

बाबा सावकाश उतरले. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. खिशातून उरलेली आपट्याची पानं काढून त्यांनी त्या माणसाच्या हातात ठेवली.

“लो भई, दसऱ्याचं सोनं,” ते म्हणाले. “गाडी नहीं देना है.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे बोट दाखवलं. मग बाबांनी त्यालाही दोन पानं दिली आणि माझ्यापुढे हात करून गाडीची किल्ली मागितली.