टेस्ट लॅम्प

"पुन्हा उतरली, बाई. सेल्फ मारला तं नुसती टक टक करते."

बकाराम अंगणात गाडीपाशी उभे होते, हातात पोतेरं. बॅटरीवाली येणार म्हटलं की ते आधी गाडी लख्ख पुसून, चारही दारं दाबून लावून ठेवत. दुर्गेश्वरीने मोपेड कडुनिंबाखाली लावली, मागे बांधलेली चार्ज केलेली बॅटरी सोडली आणि छातीशी धरून आणली. मे महिन्यातले साडेअकरा वाजले होते. गाव अर्धं रिकामं होतं. माणसं पहाटेच विडीचा तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेली होती आणि जी परतली होती ती दारं लोटून पडली होती.

"किती दिवस झाले, काकाजी?"

"तू मंगळवारी लावून गेली. आज सोमवार."

"कोणी चालवली?"

"कोण चालवन वो? चालवणारा गेला न." बकारामांनी पोतेरं खांद्यावर टाकलं. "चाबी माह्या गळ्यात आहे."

ही पाचवी खेप. तीन महिन्यांत पाच वेळा ती तिरोड्याहून इथे आली होती आणि दर वेळी काही ना काही करून गेली होती. टर्मिनलवर चढलेली पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात सोडा घालून धुतली, वर व्हॅसलिन चोपडलं. अल्टरनेटरची सैल झालेली पट्टी आवळली. उन्हाने पाणी आटतं म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरलं. गाडी सुरू करून अल्टरनेटर चार्ज देतो की नाही तेही तपासलं. चौथ्या खेपेला तर बॅटरीच नवी बसवली. उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते हे खरं, पण त्याला महिना-दीड महिना लागतो. सहा दिवसांत नवी बॅटरी अशी रिकामी होत नाही.

दुर्गेश्वरीचं दुकान तिरोड्यात, रस्त्याला लागून. दुकान तिच्या नवऱ्याचं, उमेंद्रचं. आठ वर्षांपूर्वी तो हृदयविकाराने गेला, तेव्हा सासरच्यांनी दुकान भाड्याने द्यायचं ठरवलं होतं. तिने चावी दिली नाही. त्याच्या हाताखाली बघून बघून जेवढं शिकली होती तेवढ्यावर बसली, बाकीचं चुकत चुकत शिकली. साडीवर ती त्याचा जुना फुल शर्ट घालायची, तरी पदराला ॲसिडची भोकं पडायचीच. अजूनही एखादा ट्रकवाला दुकानाशी येऊन विचारायचा, "मिस्त्री किधर है?" ती म्हणायची, "सामने खड़ी है."

इथे मात्र ती नुसती कामासाठी म्हणून येत नव्हती. बकारामांनी बोलावलं की हातातलं टाकून निघायची. का, ते कोणाला सांगितलं नव्हतं.

वीरेंद्र हा बकारामांचा एकुलता मुलगा. याच गाडीतून तो पर्यटकांना नागझिरा अभयारण्याच्या गेटवर सोडायचा. मागच्या सप्टेंबरात तो दुकानात आला होता. सकाळी गाडी जड सुरू होते म्हणाला. तिने बॅटरी तपासली. आतल्या सहा खान्यांपैकी एक कमजोर लागत होता. "हंगाम लागू दे, मग नवी टाकतो, ताई," तो म्हणाला. तिने मान डोलावली. "चालन अजून दोन महिने," ती म्हणाली. हे ती रोज शंभर जणांना म्हणायची.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, पहाटे, धानाच्या बांधीवर वीरेंद्रला साप चावला. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर त्याचं डोकं ठेवून त्याला घेऊन गोंदियाला निघाले. बकाराम पुढे बसले, गाडी शेजाऱ्याने चालवली. वाटेत रेल्वेचं फाटक बंद. दोन मालगाड्या जायच्या होत्या. शेजाऱ्याने सवयीने इंजिन बंद केलं. फाटक उघडलं तेव्हा गाडी सुरू झाली नाही. टक, टक, टक. लोकांनी धक्का मारला, मागचे हॉर्न वाजवत राहिले. वीस मिनिटं गेली. दवाखाना आला तेव्हा वीरेंद्र थंड पडला होता. वेळेवर पोचला असता तर वाचला असता का, ते कोणी सांगू शकलं नाही. कोणी सांगू शकलं नाही, हेच दुर्गेश्वरीच्या डोक्यात बसलं होतं.

तिने बॉनेट उघडून दांडी लावली. बकाराम जवळ आले आणि आवाज खाली करून बोलले.

"बाई, एक सांगतो. हसजो नको."

"नाही हसत, काकाजी."

"दुपारी गाडीतून आवाज येते. गुणगुण करून राहिल्यासारखा. मी बाजेवर पडल्या पडल्या ऐकतो. उठाची हिंमत नाही होत." त्यांनी मागच्या काचेकडे बोट केलं. "परवा काचेवर, आतून, पंजा उमटला होता धुळीत. आन् सीटवर खड्डा. डोकं ठेवल्यावानी. पंजा मी पुसून टाकला."

"मावशीले सांगतलं?"

"तिले काय सांगू? ते तं भिंतीकडे तोंड करून पडली आहे आठ महिने. ओसरीवर आणाची तं मले धरून आणा लागते." त्यांनी गळ्यातली चाबी मुठीत धरली. "गावचे म्हणतात, त्याचा जीव अटकला आहे गाडीत. तोच खाते म्हणे बॅटरी. आजही कारण नाही सापडलं तं मी कबाडीले सांगून ठेवलं आहे. संध्याकाळी येते. गाडी कापून नेईन तो. सुटन तरी पोरगा."

बकाराम ओसरीवर गेले, बाजेवर आडवे झाले आणि थोड्या वेळात त्यांचं घोरणं ऐकू येऊ लागलं.

तिने उतरलेली बॅटरी काढली, आणलेली बसवली. निगेटिव्हची वायर लावली नाही. वायर आणि बॅटरीच्या मध्ये टेस्ट लॅम्प जोडला, बोटाएवढा छोटा बल्ब. गाडीत कुठे चोरून करंट जात असेल तर तो पेटतो. बल्ब विझलेलाच राहिला. तिने फ्यूज हलवून पाहिले, हॉर्नची वायर ओढून पाहिली. काही नाही. मागच्या खेपेलाही असंच झालं होतं. दारं बंद, चावी काढलेली, गाडी मेल्यासारखी शांत, आणि सहा दिवसांत बॅटरी खलास.

वारा पडला होता. कुठे कोंबडीसुद्धा ओरडत नव्हती. बॉनेटच्या पत्र्याआडून तिला फक्त इंजिन आणि आपले हात दिसत होते. घाम पुसायला तिने मान वळवली, आणि तिच्या तळहाताखाली गाडी हलली.

थोडीच. मागच्या बाजूने कोणीतरी बसल्यावर खचते तेवढी.

तिने वळून पाहिलं तर टेस्ट लॅम्प पेटलेला. मंद, पिवळा.

ओसरीवर बकाराम तसेच घोरत होते. दुर्गेश्वरी स्वतःला सांगू लागली की बल्ब आपोआप पेटत नाही, कुठेतरी सर्किट जुळलं आहे. पण पाय उचलेना. मग ऐकू आलं. बारीक, नाकातलं, थांबून थांबून येणारं गुणगुणणं. लहान मुलाला झोपवताना बाया म्हणतात तसं.

पान्हा मुठीत घट्ट धरून ती गाडीच्या कडेने एकेक पाऊल मागे गेली.

मागचं पलीकडचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत गीताबाई, वीरेंद्रची आई, बसल्या होत्या. केस मोकळे, पाय अनवाणी, तळव्यांना घरामागच्या बाडीतली माती. बाडीच्या दाराने मागून आल्या असणार. त्यांचा उजवा हात मांडीच्या वर, अधांतरी, काहीतरी थोपटत होता. छताचा छोटा दिवा लागला होता. भर उन्हात तो लागलाय की नाही, हे आत डोकं घातल्याशिवाय कळलंही नसतं.

"हळू," गीताबाई म्हणाल्या. मान वर केली नाही. "आत्ताच डोळा लागला त्याचा."

दुर्गेश्वरी तिथेच, दारापाशी, मातीत बसली.

"मावशी, दार काऊन पुरं लावून नाही राहिल्या?"

"लावलं तं त्याले गुदमरते. त्या दिवशी साऱ्या काचा बंद होत्या वो. हवा, हवा करत होता. जाताना मी फट ठेवून जातो रोज."

सगळं त्या फटीत होतं. दार अर्ध्या खटक्यावर राहायचं, दिवा रात्रंदिवस जळायचा, पाच-सहा दिवसांत बॅटरी रिकामी व्हायची. मग दिवाही विझायचा, आणि दुर्गेश्वरी येण्याआधी बकाराम गाडी पुसताना दारं दाबून लावायचे. ती नेहमी बंद दारांची गाडी तपासत आली होती.

कारण सापडल्यावर दर वेळी तिला बरं वाटायचं. आज वाटलं नाही.

"मावशी," ती म्हणाली. "ते जुनी बॅटरी मीच पाहिली होती. खाना गेला होता एक. बदलून टाक, असं म्हणायले पाहिजे होतं. मी म्हणली, चालन दोन महिने."

गीताबाईंचा हात थांबला. पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते, आणि फार दुरून पाहिल्यासारखे.

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या. "त्यानंच सांगतलं."

कधी सांगितलं, हे विचारायची दुर्गेश्वरीला हिंमत झाली नाही. गीताबाईंचा हात पुन्हा थोपटू लागला.

ऊन कलल्यावर बकाराम उठले. गीताबाई तोवर बाडीच्या दाराने आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या.

"सापडलं, काकाजी," दुर्गेश्वरी म्हणाली. "मागचं दार अर्धं लागते. आतला दिवा जळत राहते."

"दार तं मी दाबून लावतो." ते गाडीकडे, मग घराकडे, मग तिच्याकडे पाहू लागले. "उघडते कोण मग?"

तिने हात पुसले. दोन-तीन उत्तरं जिभेवर आली. दार खराब आहे, कडी बदलून देते, असं म्हणता आलं असतं. छताचा बल्ब काढून खिशात टाकला असता तरी बॅटरी टिकली असती.

"कबाड्याले आज नका बोलावू," ती म्हणाली. "उद्या दुपारी झोपू नका. आवाज आला का उठून जा. भेवू नका. आपलंच माणूस आहे."

बकारामांनी आत, भिंतीकडे तोंड करून निजलेल्या बायकोकडे पाहिलं, आणि ते ओसरीच्या पायरीवर बसले. तिने त्यांना दहा नंबरचा पान्हा दिला, निगेटिव्हची वायर दाखवली. गाडीतून उतरलं की दार लावायचं, ही वायर सैल करून बाजूला ठेवायची. मग बॅटरी महिनाभर राहील. बसायचं असेल तेव्हा, दिव्यासाठी, पुन्हा लावायची. म्हाताऱ्याने तिच्यासमोर दोनदा लावून-काढून दाखवलं. नट बरोबर धरला.

कबाड्याला फोन त्यांनी तिच्यादेखतच केला. "नको येऊ," एवढंच म्हणाले.

त्यानंतर बोलावणं आलं नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. मृगाच्या तोंडावर एका दुपारी नागझिऱ्याच्या रस्त्याला एक जीप बंद पडली होती, तिचं काम उरकून येताना दुर्गेश्वरीने मोपेड गावात वळवली.

बाज रिकामी होती. कडुनिंबाखाली गाडी उभी होती, काचा चारी खाली. छताचा दिवा लागला होता.

मागच्या सीटवर दोघं होती. गीताबाई एका टोकाला, केस विंचरलेले, हात मांडीवर थोपटत. बकाराम दुसऱ्या टोकाला, दाराला अगदी चिकटून. मधली जागा त्यांनी मोकळी सोडली होती. त्यांचे दोन्ही हात आपल्या मांडीवर होते आणि अंगठे सावकाश वरखाली होत होते, दमून आलेल्या माणसाचे पाय चेपावेत तसे. त्या दिवशी ते पुढच्या सीटवर होते, फाटकाकडे तोंड करून.

दोघांनीही तिला पाहिलं नाही. दुर्गेश्वरीने चपला काढल्या, मोपेड सुरू न करता ढकलत वळणापर्यंत नेली.