डिझेलची आणि पेट्रोलची

माझी आणि छेवांग भिनाजूंची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, डोमादिदीच्या नवऱ्याची, लँड रोव्हर एकाच सालातली. आमच्या दोघांच्या जन्माआधीची. भिनाजूंनी मूळ पेट्रोल इंजिन जपलं. दर हिवाळ्यात ते खोलायचे, न मिळणारे भाग सिलिगुडीत कातून आणायचे. मी कंटाळून डिझेल इंजिन बसवलं. खर्च निम्मा झाला, आणि पर्यटकांना घेऊन संदकफूचा चढ मी त्यांच्या तासभर आधी चढू लागलो.

"लाक्पा, तुझी म्हैस पळते, पण थांबत नाही," ते म्हणायचे. खोटं नव्हतं. इंजिन जड, ब्रेक जुनेच.

"आणि तुमची म्हातारी थांबते, पण पळत नाही."

दिदी दोघांनाही हसायची.

माघात एका सकाळी कालीपोखरीच्या घरी दिदीच्या पोटात अचानक असह्य दुखू लागलं. पोट दगडासारखं घट्ट झालं. दवाखाना खाली, डोंगरापलीकडे. मी गाडी दारात लावली.

"माझ्या गाडीतून नेऊ. लवकर पोचू."

"एवढ्या बर्फात, तुझ्या त्या ब्रेकवर?" भिनाजू म्हणाले. "माझी बायको आहे ती."

दिदी त्यांच्या गाडीत बसली. गारठलेलं इंजिन हँडल मारून सुरू व्हायला पाऊण तास गेला.

मग मी त्यांच्या मागे निघालो. गैरीबासच्या उतारावर त्यांची गाडी जराही घसरली नाही. पण पुढच्या चढाला तिला दम लागला, दोनदा रेडिएटरमध्ये पाणी ओतावं लागलं. रस्ता एका गाडीपुरता. मी हॉर्न वाजवत राहिलो. तुमलिंगला जागा मिळाली तशी गाडी शेजारी घेतली.

"आता तरी तिला इकडे द्या, भिनाजू."

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मी काचेतून पाहिलं. दिदी झोपलेली नव्हती. मी दार उघडून तिच्या अंगावरची शाल तोंडावर ओढली, तेव्हा त्यांना कळलं.

दिदी गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवशी, गुंबातले, म्हणजे मठातले, शेवटचे विधी आटोपून परतताना भिनाजूंनी विचारलं, "तुझ्या गाडीत बसवलं असतं तर वाचली असती का रे?"

मला खरंच माहीत नव्हतं. त्या बर्फात कदाचित दिदी आणि मी, दोघंही दरीत गेलो असतो.

"वाचली असती," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. त्यानंतर ते स्टिअरिंगला बसले नाहीत. मला माहीत नव्हतं, एवढंच सांगायला मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन तसाच परत आलोय.