पूजेत भिजलेला लॅपटॉप

दसऱ्याला रेणुकाबाईंनी घरातलं एकूणएक अवजार पुजलं. विळा, शिलाई मशीन, लेकाची मोटारसायकल, आणि शेवटी सुनेचा लॅपटॉप. मंजुषा त्यावर कापसाच्या तीन जिनिंगवाल्यांचे हिशेब लिहायची, त्यातूनच घरखर्च निघायचा. म्हणून बाईंनी झाकण उघडून हळदकुंकू सढळ हातानं वाहिलं आणि झेंडूच्या फुलानं पाणीही शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरूच होईना.

"जुना झाला असन," मंजुषा एवढंच म्हणाली. बाईंना मात्र कालचं शिंपडलेलं पाणी आठवलं. सून आदिलाबादच्या सर्व्हिस सेंटरला निघाली, तशा त्याही पदर खोचून स्कूटीवर मागे बसल्या.

काउंटरवरच्या माणसानं नंबर टाकून पाहिला. वॉरंटी संपून सव्वीस दिवस झाले होते. लॅपटॉप आत नेऊन, उघडून परत आणला आणि तो म्हणाला, "मदरबोर्ड बदलना पडेगा. अडतीस हजार. अंदर पानी गया है. किसने गिराया?"

"मेरे हाथ से गिरा," मंजुषानं सांगून टाकलं.

रेणुकाबाईंना ते सोसेना. त्या बाकड्यावरून उठल्या. "नहीं साब, पानी मैंने डाला. पूजा में. बहू को मत बोलो!"

रांगेतली माणसं वळून पाहू लागली. मंजुषानं लॅपटॉप बॅगेत भरला आणि ती सासूचा हात धरून बाहेर आली.

"तुले मालूम होतं?" बाईंनी विचारलं.

"बटनात कुंकू दिसलं होतं, आई."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुमी माह्या कामाची पूजा केली. त्याच्यावर काय बोलू?"

बाईंनी उगाच सुनेच्या खांद्यावरची ओढणी सारखी केली.

अडतीस हजारांत थोडी भर घातली की नवाच आला असता, पण तेवढे होते कुठे? बसस्टँडमागे भाग्यलक्ष्मी नावाची बाई मोबाइल, लॅपटॉप दुरुस्त करायची. तिच्याकडे दोघी गेल्या. घरात तेलुगू बोलणारी ती, गिऱ्हाइकांशी मोडकं मराठी बोलायची. लॅपटॉप खोलताच ती हसली. "अम्मा, देवी आत बसली का?" बारीक ब्रशनं, स्पिरिटनं तिनं बोर्ड पुसला, वाळवला, भिंगातून पाहिला. "बोर्ड चांगला हाय. कीबोर्ड गेला. दोन हजार सहाशे."

"खरंच?" मंजुषानं दोनदा विचारलं.

टेबलावर जागा नव्हती. भाग्यलक्ष्मीनं काढलेले तांदळाएवढे स्क्रू बाईंच्या तळहातावर ठेवले. "धरा, अम्मा. एक बी हरवू नका."

दीड तास रेणुकाबाई तशाच बसल्या. चहा आला, तो मंजुषानं त्यांच्या ओठाला लावला. डोईवरचा पदर घसरला, तोही तिनंच सावरला. नवा कीबोर्ड बसवून भाग्यलक्ष्मी चिमट्यानं एकेक स्क्रू उचलत होती आणि बाई मनातल्या मनात मोजत होत्या. शेवटचा उचलला तेव्हा त्यांनी विचारलं, "बराबर हाय ना, माय?"