जयाबाईंच्या गाडीची पुढची काच

मी एका जुन्या पांढऱ्या गाडीची पुढची काच आहे. मित्रांनो, तुम्ही माझ्याकडे कधी पाहत नाही, माझ्यातून पाहता. तेच माझं काम.

मला भट्टीत तापवून वाकवलं आणि गाडीत बसवलं. मग ओमप्रकाश बोपचे मला भिलाईत घेऊन आले. ते पोलाद कारखान्यातले कामगार. बारा वर्षं मी त्यांना वाट दाखवली. ते निवृत्त झाले आणि गाडी घरापुढच्या आंब्याखाली उभी राहू लागली.

एक दिवस त्यांच्या पत्नी, जयाबाई, म्हणाल्या, "मले गाडी शिकवा. नंदिनी नगरले लेकीकडं जायले दरवेळी कोणाची वाट पाहू?"

छप्पन्नाव्या वर्षी त्या शिकल्या. परवाना आला त्या दिवशी त्यांनी मला पदरानं पुसलं. इतका लाड माझा कधी झाला नव्हता.

उन्हाळ्यात आंब्याचा चीक माझ्यावर टपकून घट्ट वाळला. ओमप्रकाशजींनी भांड्यांची तारेची घासणी आणली आणि खसाखसा घासलं. डाग अर्धेच गेले, अंगभर ओरखडे मात्र उठले. सावलीत ते कोणालाच दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जयाबाई गाडी चालवत असताना सूर्य समोर आला आणि प्रत्येक ओरखडा चमकला. जयाबाईंना रस्ता दिसेना. एक सायकलवाला अगदी जवळ आल्यावर दिसला. त्यांनी करकचून ब्रेक दाबला. तो वाचला आणि त्यांनी गाडी कडेला उभी केली.

"माझे डोळेच गेले," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी डोळे चांगले असल्याचं सांगितलं, तरी त्यांचा विश्वास बसेना. शेवटी गाडी विकायचं ठरलं. त्याआधी डाग काढायला दोघं भिलाईतल्याच हथखोजला, काचेचं काम करणाऱ्या मैनाबाईंकडे आले.

मैनाबाईंनी माझ्यावरून नख फिरवलं. "घासणी कोणं मारली हिले? असी काच असली तं उन्हात कोणालेच दिसनार नाई."

ओमप्रकाशजी खाली पाहू लागले. "मीच मारली. जया, तुये डोळे चांगले आहेत. चूक माई होती."

जयाबाईंनी लांब श्वास सोडला.

मैनाबाईंनी कोमट ओलं फडकं ठेवून चीक मऊ केला, मग स्पिरिटनं अलगद पुसला. ओरखड्यांवर ओली पॉलिश लावून मऊ चाक फिरवलं. मी तापते का, हे हात लावून त्या सारख्या पाहत होत्या. नखाला अडकणारा एक खोल ओरखडा तेवढा राहिला, शेजारी बसणाऱ्या ओमप्रकाशजींच्या बाजूला.

"हा राहू दे," ते म्हणाले. "पुन्हा घासायले हात शिवशिवले तं मले दिसत जाईन."

जयाबाई हसल्या आणि त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मावळता सूर्य समोरच होता. "आता घरी नाई," त्या म्हणाल्या, "सरळ लेकीकडं."

मित्रांनो, माझ्यावर चीक पडला तर घासू नका, ओल्या फडक्यानं तो मऊ होईपर्यंत थांबा. नाहीतर माझ्यामागे बसलेलं माणूस स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसेल.