पाचवी अट

१९३१ साली दिल्लीत करार झाला आणि ताडीच्या दुकानासमोर शांतपणे धरणं धरायची मुभा मिळाली. सुरत जिल्ह्यातल्या आमच्या गावात फौजदारांनी अटी माझ्याकडून, म्हणजे शाळामास्तराकडून, लिहून घेतल्या. वाट अडवायची नाही, ओरडायचं नाही, शिवी द्यायची नाही, पायरीपासून चार हात लांब बसायचं. एक अट मोडली की धरणं बंद.

पसीबेनने अंगठा उठवला. तिचे सासरे कल्याणजीभाई रोज ताडी पीत. वैद्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर हे दिवाळी बघणार नाहीत.

"पण तुझं तोंड बंद राहील का गं?" मी विचारलं.

"सुपारी धरीन तोंडात, मास्तर!"

पहिल्या दिवशी सासरे आले. पसीबेनने घुंघट ओढला. रिवाजाप्रमाणे ते खाकरले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सुनेसमोरून जाणार कसे? पण त्यांचे मित्र भिखाभाई आत गेले आणि दोघांपुरती ताडी लोट्यात घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी पसीबेनने पिणाऱ्या प्रत्येक घरची सून आणून बसवली. भिखाभाईंच्या तर दोन! म्हातारे आले, अकरा घुंघट एकदम खाली आले आणि सगळी मंडळी भिंतीकडे वळली.

तिसऱ्या दिवशी दुकानदार फरदुनजी फौजदारांना घेऊन आला.

"साहेब, ही अडवणूक आहे!"

फौजदारांनी कागद दोनदा वाचला. "वाट मोकळी आहे. आवाज नाही. घुंघट कुठल्या अटीत बसवू?"

"मग पाचवी अट घाला! इथे घुंघट घ्यायचा नाही. लिहा, मास्तर!"

भिंतीकडून भिखाभाई गरजले, "खबरदार! आमच्या सुना तुझ्या दारात उघड्या तोंडाने बसतील? मास्तर, लेखणी खाली ठेवा!"

"अरे, तुमच्याच सोयीसाठी सांगतोय ना!" फरदुनजी रडकुंडीला आला.

"आग लागो तुझ्या सोयीला!" भिखाभाई रागाने घराकडे निघाले. मागोमाग बाकीचेही.

कल्याणजीभाई तेवढे राहिले. भिंतीलाच म्हणाले, "मास्तर, सूनबाईंना सांगा, ऊन फार झालंय. घरी जा म्हणावं."

पसीबेनने सुपारी गालात सारली. "मास्तर, मामंजींना सांगा, ते पुढे चालू लागले की मी उठते."

दोघं माझ्यापासून दोन हातांवर होती. तरी मी दोन्ही निरोप पोचवले.

कल्याणजीभाईंनी दुकानाकडे एकदा पाहिलं, सुस्कारा सोडला आणि घराची वाट धरली.