कोपरापर्यंतचा पुरळ

मेडशीत कोणाचे जनावर विताना अडले की उकंडरावांना बोलावणे येई. आधी दोन्ही हातांना तेल चोळायचे, जनावराला वंदन करायचे, मगच उजवा हात आत घालायचा, हा त्यांचा वडिलोपार्जित नेम. शेजारच्या हिरीबाईच्या म्हशीने सातव्या महिन्यात गाभ टाकला, तेव्हा गर्भामागून न पडता आत अडकलेली वारही त्यांनी अशीच काढली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत लालबुंद पुरळ उठला. पंधरवड्याने रोज सायंकाळी ताप भरू लागला.

त्यांच्या पत्नीचा, रंगूबाईचा, संशय एकाच जागी जाऊन बसला. तेल हिरीबाईने दिले होते.

"तेलात कायतरी कालवलं त्या भवानीनं!"

"अवं, तिनं तर मले चहा पाजला," उकंडराव म्हणाले.

"चहाबी पेले? मंग झालंच!"

उद्या देवळासमोर चारचौघांत हिरीबाईचे नाव घ्यायचे, असे तिने ठरवले. शेजारणींपाशी तसे बोलूनही दाखवले. हिरीबाई विधवा, दुधावर जगणारी. करणीचा आळ आला की तिच्या दारी कोणी फिरकणार नाही, हे रंगूबाई जाणून होती. तत्पूर्वी, तापासाठी तपासायला दिलेल्या रक्ताचा अहवाल आणण्यासाठी दोघे वाशीमला गेले.

"पुरळ एकाच हातावर कसा?" डॉक्टरांनी विचारले.

"तेलानं!" रंगूबाई तत्परतेने म्हणाली.

"तेल कोणत्या हाताला लावलं होतं?"

"दोनी..." ती थबकली. पतीचा डावा हात निर्मळ होता.

"हा जनावराचा रोग आहे. गाभ टाकलेल्या म्हशीच्या वारेतून आला. दीड महिना गोळ्या घ्या. त्या गोठ्यातलं कच्चं दूध कोणी पीत असेल, तर त्यालाही होईल."

रोज सकाळी धारोष्ण दूध पिणारी हिरीबाई रंगूबाईच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. बसमधून उतरताच ती थेट तिच्या दारी गेली.

हिरीबाईने दार अर्धेच उघडले. "काहून आली? अजून कोणता आळ राह्यला?"

"दूध उकळून पेत जाय, हिरे. कच्च्या दुधातून रोग येते म्हणे."

"आता माह्यं दूधबी नासवून राह्यली काय?"

"गावाले सांगणार होती, ते खोटं होतं. हे खरं आहे."

हिरीबाईने तिला आपादमस्तक न्याहाळले. मग चूल पेटवली, दूध चढवले. चांगली उकळी आल्यावर तिने पेला भरला आणि रंगूबाईपुढे सरकवला.

"पयले तू पे."

रंगूबाईने पेला उचलला.